चढावरची बाई

"आणि चढ आला की हा थांबायचा," शर्लीच्या ताटात कोळंबीचं कालवण वाढत मार्सेलिना म्हणाली. "पुढं म्हणून जायचा नाय. मी पोचेपर्यंत सायकल धरून उभा."

शर्लीने आपल्या नवऱ्याकडे, ब्लेझकडे, असं काही पाहिलं की जेवणारे सगळे हसले. मार्सेलिनाचा नवरा ह्युबर्ट मात्र हसला नाही. खाली मान घालून तो कालवलेलाच भात पुन्हा कालवत राहिला.

बहारीनमधल्या गुदैबिया भागात, ह्युबर्ट-मार्सेलिनाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारचं जेवण चाललं होतं. शर्ली आणि ब्लेझ वसईपासूनचे ओळखीचे. खिजर आणि जुबैदा खालच्या मजल्यावरचे, मूळचे रत्नागिरीचे. चौघांनाही सहलीची हकिगत ऐकायची होती. म्युनिकला नोकरी करणाऱ्या निकोलने, ह्युबर्ट-मार्सेलिनाच्या एकुलत्या एक मुलीने, आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून ही सहल भेट दिली होती. इटली आणि स्लोव्हेनिया यांच्या सीमेवर द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आहेत, तिथं सायकलवरून रमतगमत फिरायचं. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जायचं. घाई कशाचीच नाही.

"पण बॉर्डरवर काय करतात?" खिजरने विचारलं. "साऊदीला जायच्या पुलावर आपल्याला तर गाडीत बसल्याबसल्या घाम फुटतो."

मार्सेलिनाने सांगितलं की तिथं नुसता एक दगड होता. द्राक्षांच्या दोन ओळींमध्ये गुडघ्याएवढा. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, आणि कोणी पासपोर्ट विचारायला नाही. आपण दगडाला टेकून सफरचंद खाल्लं, असंही तिने सांगितलं.

"वाईनचं पण सांगा भाभी," खिजर म्हणाला. "आपल्याला प्यायची नाय, पण ऐकायला हरकत नाय."

मार्सेलिनाने कालवणाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "डोंगराच्या माथ्यावर एक मळा होता. अंगणात टेबलं मांडलेली. तिथं बसलो दोघं. ग्लास कसा धरायचा ते ह्युबर्टनं शिकवलं मला."

ह्युबर्ट ताटावरून उठला. ठसका लागला असं काहीतरी पुटपुटत तो बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. हात धुवून झाले तरी त्याने नळ बंद केला नाही.

मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात तो बेल कॅप्टन होता. गाडी थांबली की दार उघडायचं, बॅगा उतरवायच्या, साहेबांचं नाव लक्षात ठेवायचं. अर्धं आयुष्य त्याने त्या लॉबीत उभं राहून काढलं होतं. साहेबलोक कसे बसतात, कसे बोलतात, बाटली आल्यावर लेबलाकडे कसे पाहतात, हे सगळं तिथं उभ्याउभ्या त्याच्या अंगात मुरलं होतं. मार्सेलिना हॉस्पिटलमध्ये नर्स. लहानपणी घरातली सायकल भावांच्या वाट्याला गेली, त्यामुळे ती कधी सायकलवर बसलीच नव्हती. सहल ठरल्यावर चोपन्नाव्या वर्षी ती बहारीनमधल्याच सनद भागातल्या रिकाम्या गल्ल्यांमध्ये सायकल शिकली. पडली, गुडघे फोडून घेतले, पण शिकली. निकोलने तिच्यासाठी तिकडे बॅटरीची सायकल ठरवली होती. मार्सेलिनाने ती बॅटरी एकदाच लावून पाहिली. "बॅटरी लावली की सायकल आपलं ऐकत नाय," म्हणाली, आणि त्यानंतर चढ आला की उतरून सायकल ढकलत चालायला लागली.

पहिले दोन दिवस ह्युबर्ट खरंच तिच्यासाठी थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळी हवा थंड होती, पायांत जोर होता, आणि तो थांबला नाही. वळणावळणांचा चढ चढून तो एकटाच माथ्यावरच्या मळ्यात पोचला. अंगणात एक म्हातारं इंग्रज जोडपं बसलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली. कुठून आलात, काय करता, असं विचारलं. ह्युबर्ट म्हणाला, बहारीनहून आलो, हॉटेलात आहे. हे काही खोटं नव्हतं. पण मग त्या बाईने नवऱ्याला सांगितलं की हे गृहस्थ हॉटेल चालवतात, आणि ह्युबर्टने ते तसंच राहू दिलं. त्याने ग्लास फिरवला, वास घेतला, हॉटेलात उतरलेल्या बड्या लोकांच्या गमती सांगितल्या, त्या मॅनेजरने सांगाव्यात तशा. म्हातारा हसून हसून डोळे पुसत होता. ह्युबर्ट मागे रेलून बसला होता. इतकं मोकळं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

खालच्या वळणावर एक बाई सायकल ढकलत येताना दिसली. अंगात पिवळं जाकीट, पँटचा एक पाय वर दुमडलेला, त्यावर चेनचं काळं वंगण. हँडलला कापडी पिशवी लटकत होती. मध्येच ती रस्त्याकडेला खाली बसली, बूट काढून त्यातला खडा झटकला आणि पुन्हा चालू लागली. मग ती झाडांआड गेली.

"बिचारी," इंग्रज बाई म्हणाली. "तुमच्याबरोबरची आहे का?"

ह्युबर्टला ठाऊक होतं, मार्सेलिना येऊन बसली की पाच मिनिटांत सगळं सांगून टाकेल. लपवण्यासारखं त्यात काही आहे हे तिच्या मनातही येणार नाही. माझा नवरा बेल कॅप्टन आहे, असं ती अभिमानाने सांगेल.

"नाही," तो म्हणाला. "मी एकटाच आलोय."

त्याने मान वर केली तेव्हा मार्सेलिना फाटकात उभी होती. झाडांमागून पाऊलवाट थेट अंगणात येत होती, हे त्याला माहीत नव्हतं. ती टेबलापासून जेमतेम चार पावलांवर होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग सायकल भिंतीला लावली, त्या जोडप्याला "गुड आफ्टरनून" म्हटलं, पेशंटच्या नातेवाइकांना म्हणते तसंच, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन एकटी बसली. तिने फक्त पाणी मागवलं. पाणी पिऊन झाल्यावर उठली, सायकल घेतली आणि निघून गेली.

ह्युबर्ट बसून राहिला. आता उठावं तर काय सांगून उठावं, ते त्याला कळेना. बाटली संपेपर्यंत तो गमती सांगत राहिला.

ती त्याला सीमेच्या दगडापाशी भेटली. अर्धं सफरचंद खाऊन उरलेलं अर्धं तिने त्याच्यासाठी रुमालात ठेवलं होतं. "पुढं उतार आहे, ब्रेक जपून," एवढंच ती बोलली. नंतर बाकीच्या दिवसांत आणि घरी आल्यावरही त्यावर अवाक्षर नाही.

जेवणं आटोपून पाहुणे निघाले. खिजर आणि जुबैदा तसेच परस्पर मुहर्रकला नातेवाइकांकडे जाणार होते. जुबैदाची भाची आतिका सकाळच्याच विमानाने आली होती आणि खाली त्यांच्या घरी झोपली होती. तिच्यासाठी डबा पाठवते, असं मार्सेलिनाने जुबैदाला कबूल केलं होतं. दार लावून ती ओट्यापाशी डबा भरायला लागली. ह्युबर्ट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला.

"मार्सेलिना, त्या दिवशी तिथं वर…"

"ऐकलं मी," ती म्हणाली. "इंग्लिश येतं मला."

"मग आज सगळ्यांसमोर असं का सांगितलंस?"

"काय सांगू मग?"

तिने कालवणाचा कप्पा भरला, कडेला सांडलेलं बोटाने पुसलं.

"राग आला होता," ती म्हणाली. "नाय कशाला म्हणू? वाटलं, टेबलावर जाऊन बसावं आणि सांगावं, मी याची बायको. पण तू मागं रेलून बसला होतास ना, पाय लांब करून. तीस वर्षांत तुला खुर्चीत तसा बसलेला नाय पाहिला मी. म्हटलं, मी गेले तर हा उठेल. म्हणून बसले तिकडं."

ह्युबर्टला वाटलं, तिने ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

मार्सेलिनाने डब्याचं झाकण दाबून लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. "हा देऊन ये. पोर उठली असेल, भूक लागली असेल तिला."

तो जिना उतरून खाली गेला. बेल वाजवल्यावर बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. वीस-बावीस वर्षांची मुलगी, डोळ्यांवर झोप, डोक्यावर घाईत ओढलेली ओढणी. अनोळखी माणूस पाहून तिने दार तेवढंच धरून ठेवलं.

"कोण तुम्ही?"

"वरच्या मजल्यावरचा," ह्युबर्ट म्हणाला. मग डबा पुढे करत म्हणाला, "मार्सेलिना सिस्टरचा नवरा."

मुलीचा चेहरा लगेच सैल झाला. जुबैदाखाला बोलली होती सिस्टरबद्दल, असं म्हणत तिने दोन्ही हातांनी डबा घेतला, थँक यू अंकल म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी तिचा नवरा, हे बोलायला इथं काहीच लागलं नव्हतं; मळ्यातल्या त्या टेबलावर मात्र ते त्याला जमलं नव्हतं. एका झोपाळू मुलीला ते पटलं होतं, आणि तिने दारही लावून घेतलं होतं. ह्युबर्ट जिन्यापाशी आला. कठड्यावर हात ठेवून त्याने एक पाय वर टाकला आणि तिथेच थांबला. वर घरात नळ सुरू होता. मार्सेलिना एकेक ताट विसळून पालथं घालत होती. ताटावर ताट टेकल्याचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. तो पायरीवर बसला आणि ऐकत राहिला.