माझा उत्तरार्ध बोटीने गेला

मी अर्धी कादंबरी बोलतेय. लिहिणाऱ्याने मला पुरी लिहिली, छापणाऱ्याने पुरी छापली, आणि अथेन्सच्या मारिव्हिकने पाव कापायच्या सुरीने माझे दोन तुकडे केले. तरी माझा तिच्यावर राग नाही. का, ते ऐका.

माझा जन्म इंग्लंडातला. अंगाने मी उशीएवढी जाड. पोटात एक लंगडा ड्रॅगन, तीन भांडकुदळ राण्या, एक चोरटी पोर आणि सुरुवातीलाच मोठा नकाशा. एका पर्यटकाने मला विमानतळावर घेतलं, ग्रीसच्या कुठल्याशा बेटावर नेलं, चार पानं वाचली आणि उरलेली सुट्टी मला तोंडावर पांघरून झोपा काढल्या. जाताना हॉटेलातच टाकून गेला. तिथून फिरत फिरत मी अथेन्सला, मोनास्तिराकीच्या जुन्या बाजारात एका पुस्तकवाल्याकडे आले. त्याला इंग्रजी येत नसे. तो आम्हाला जाडीप्रमाणे रचायचा, त्यामुळे मी कायम तळाशी.

मारिव्हिक फिलिपिन्समधल्या इलोइलोची. अथेन्समध्ये ती एव्हान्थिया नावाच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची देखभाल करते, तिच्याच घरी राहून. ग्रीक ती फाडफाड बोलते, पण वाचताना घाम फुटतो. इंग्रजी मात्र शाळेपासूनचं. म्हणून सुट्टीच्या गुरुवारी ती पुस्तकवाल्याकडे यायची आणि नकाशा असलेलीच कादंबरी उचलायची. औषधं, सूप आणि चादरी बदलण्यात आठवडा गेला की माणसाला एखादं अख्खं राज्य लागतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. अर्थात, मला पटणारच.

माझी जाडी नडली ती तिच्या घरी. म्हातारीचा डोळा लागला की घटकाभर वाचायचं, तर मी एप्रनच्या खिशात मावायला हवी. "माफ कर गं बाई," म्हणत मारिव्हिकने सुरी चालवली. पूर्वार्ध, म्हणजे मी, खिशात गेले. उत्तरार्ध अथेन्सच्याच किप्सेली भागातल्या खोलीवर राहिला. ही खोली तिने चार मैत्रिणींबरोबर फक्त सुट्टीच्या दिवसांसाठी भाड्याने घेतली आहे. तिथे त्या भात-मासे रांधतात, गाणी म्हणतात, एकमेकींचे केस कापतात.

उत्तरार्धाची पानं गेली तशी त्यांची आठवणही गेली. माझं शेवटचं वाक्य असं आहे: दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी होती... बस्स. कोण उभी होती, देव जाणे.

आता मारिव्हिकचं दुखणं सांगते. तिची लेक आल्थिया चार वर्षांची होती तेव्हा ती तिला आजीकडे ठेवून इथे आली. मधे दोनदाच घरी गेली. आता पोर पंधराची झाली आहे. दर रविवारी फोन व्हायचा. जेवलीस का? हो. अभ्यास? हो. आजी? बरी आहे. संपलं. मग मारिव्हिक मला उघडून बसायची, पण पान काही उलटायची नाही. "माझी मुलगी मला परकी होत चाललीय," असं ती एकदा लुझविमिंडाताईला म्हणाली.

लुझविमिंडाताई त्या खोलीतली सगळ्यांत थोरली आणि खोकं भरण्यात उस्ताद. या बायका पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात महिनोन् महिने साबण, चॉकलेटं, बूट, टॉवेल साठवतात आणि बोटीने घरी धाडतात. भाडं खोक्याचं, वजनाचं नाही. त्यामुळे बोटभर जागाही मोकळी सोडणं म्हणजे पाप. आल्थियासाठीचं खोकं भरताना तेलाच्या डब्याशेजारी फट राहिली. ताईने हाताला लागलं ते कोंबलं आणि चिकटपट्टी ओढली.

हाताला लागला होता माझा उत्तरार्ध.

"ताई, तो माझा शेवट होता," मारिव्हिक रडकुंडीला आली.

"ना पुढचं कव्हर, ना सुरुवात. मला वाटलं रद्दी आहे."

"मग आता?"

"आता काय, बोटीवर आहे. जा पोहत."

खोकं पोचायला दोनेक महिने लागले. त्या रविवारी मारिव्हिकने नेहमीसारखं जेवलीस का विचारलं, तर पलीकडून उत्तराऐवजी प्रश्नच आला.

"आई, तेलाजवळ अर्धं पुस्तक होतं. तुझं आहे?"

"माझंच. टाकलं नाहीस ना?"

"वाचलं. पण ती चोरटी त्या ड्रॅगनवर एवढी का खार खाऊन आहे? आधी काय झालं?"

मारिव्हिक सावरून बसली. "आधी तू सांग, उंबऱ्यात कोण उभी होती?"

"अंहं. पहिलं तुझं."

झालं. दर रविवारी आई माझ्यातलं एक प्रकरण सांगायची आणि लेक तिच्याकडचं एक. उंबऱ्यात मधली राणी होती, हे ऐकून मी थक्कच झाले. मला तिचा संशयसुद्धा आला नव्हता. राण्यांच्या मधेमधे दुसऱ्याही गोष्टी निघू लागल्या. आल्थियाला चष्मा लागला होता. जिवलग मैत्रिणीशी तिचं बिनसलं होतं. एकदा तिने मधेच विचारलं, "तू गेलीस तेव्हा मी रडले होते का गं?"

"तू झोपली होतीस," मारिव्हिक म्हणाली. "मी रडले."

 त्या रविवारी फोन कोणीच लवकर ठेवला नाही.

लुझविमिंडाताई तर आता सगळ्यांना सांगत सुटली होती की तिने ते पुस्तक मुद्दामच टाकलं.

असं करत करत एकच प्रकरण उरलं, शेवटचं, आणि तिथे पोर अडून बसली.

"हे मी फोनवर सांगणार नाही."

"का म्हणे?"

"तू ये. समोर बस. मग वाचून दाखवते."

मारिव्हिक हसली, चिडली, लाडीगोडी लावून पाहिली. पोर हटली नाही.

पुढच्या गुरुवारी पुस्तकवाल्याकडे माझीच एक अख्खी, धडधाकट प्रत आली होती. खिशातून मला ती दिसली. मारिव्हिकने ती उचलली. आता ही शेवटचं पान उघडणार, म्हणून मी धास्तावले. तिने प्रत क्षणभर हातात तोलली आणि न उघडता परत ठेवली. मग थेट तिकिटाच्या दुकानात गेली. म्हातारीच्या मुलीने रजेला खूप कुरकुर केली. मारिव्हिकने ती मुकाट ऐकून घेतली आणि बॅग भरली.

या घडीला मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत आहे आणि विमान सुटायची वाट पाहतेय. माझी पानं पिवळी पडली आहेत, कोपऱ्याला सूप सांडलंय, अंगाला औषधांचा वास येतोय. माझी काही तक्रार नाही. मागणं एकच आहे. तुमच्या कपाटात माझी अख्खी प्रत असेल, तुम्ही मला शेवटपर्यंत वाचलंही असेल, तर कृपा करून शेवट मला सांगू नका. मला तो आल्थियाच्या तोंडून ऐकायचाय, तिच्या आईच्या मांडीवर पडून.