कटिंगच्या टेबलावरची गायिका

माझी धाकटी बहीण गाते आणि मी कपडे शिवते. तिचं एक गाणं भलतंच गाजलंय. पडलास तर पड, मग ऊठ, कपडे झटक आणि चालायला लाग, असं काहीसं. नोकरी गेलेले, परीक्षेत आपटलेले, सगळ्यांना ते पाठ. शेवटच्या कडव्याला अख्खा हॉल उभा राहतो. मी शिवलेल्या झग्यात ती मधोमध ऐटीत उभी असायची, आणि निम्म्या टाळ्या झग्याला आहेत असं मला उगाच वाटायचं.

मागच्या आजारपणानंतर सगळं बिनसलं. ताप गेला, पण उभी राहिली की तिची छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आडवी झाली की ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उभं राहिल्यावर रक्त पायांत उतरतं, वर पुरेसं पोचत नाही. पाणी भरपूर प्या. सुधारेल, पण घाई नको." घाई नको म्हणजे किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

घरी एकटीला करमेना म्हणून ती माझ्या दुकानात येऊन पडायला लागली. कुठे, तर माझ्या कटिंगच्या टेबलावर. तिच्या पायांशी हातभर जागा उरायची, तेवढ्यात मी बाह्या कापायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

"गिऱ्हाईक एक दिवस तुलाच पिशवीत घालून नेईल बघ."

ती हसायची. गायची मात्र नाही.

एके दुपारी तिच्या ऑर्केस्ट्राचा मालक आला. मोठा कार्यक्रम ठरला होता. ती येणार नसेल तर त्याला दुसरी गायिका बघावी लागणार होती. खुर्चीत बसून गा म्हणाला, पण बसूनही तिला गरगरायचं.

"आणि ताई, मलाच उभं राहता येत नाही," ती म्हणाली. "लोकांना ऊठ म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

तिचे डोळे भरले. माझा जीव तुटला, म्हणून मी रागावले. मला तेवढंच येतं.

"मग नको उठूस. पडल्या पडल्या म्हण. मी अस्तर कापतेय, मला कंटाळा आलाय."

तिनं आधी पुटपुटल्यासारखं केलं. मग आवाज लागला. छताकडे बघत तिनं सगळं गाणं म्हटलं, कुठेही दम न लागता. मी कात्री खाली ठेवली. मालकानं टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"टेबल किती जड आहे हो?" त्यानं विचारलं.

टेबल टेम्पोतून हॉलवर गेलं. मी त्यावर निळी मखमल घातली आणि ती झग्यात वर आडवी झाली. पडदा उघडला तसे लोक हसले. "गाणं उठण्याचं आहे," ती माइकमध्ये म्हणाली, "पण मला अजून उठता येत नाही. तोवर हे असंच." हसू थांबलं. शेवटच्या कडव्याला लोक सवयीनं उठायला लागले, तेव्हा तिनं पडल्या पडल्या हात वर केला.

"बसा. आज कुणी उठायचं नाही. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा."

सगळे बसले आणि बसूनच गायले. मी विंगेत ढसाढसा रडले. झगा कसा दिसतोय हे बघायचंच राहिलं.

टेबल काही परत आलं नाही. तिचे कार्यक्रम लागोपाठ लागलेत. मी आता जमिनीवर कापते, आणि पाठ आखडली की तिथंच कापडावर आडवी होऊन तिचं गाणं म्हणते. बरं वाटतं. परवा गिऱ्हाईक दारात आलं, तरी मी उठले नाही.

"बसा जरा," मी म्हटलं. "शेवटचं कडवं राहिलंय."