दात नसलेली कानस

खंडेनवमीला नवऱ्याची पत्र्याची पेटी दानम्माने उघडली, तेव्हा पाने, हातोड्या सुनेनेसुद्धा ओळखल्या. तेलकट फडक्यातली एक वस्तू मात्र उमगेना. वीतभर तिकोनी पोलाद, टोकाला निमुळते, मागे लाकडी मूठ.

"आत्या, कानस हाय झिजलेली. भंगारात घालू," सून विद्याश्री म्हणाली.

"झिजलेली असती तर फडक्यात कशाला जपली असती?"

तिचा नवरा प्रभुलिंग उद्यमनगरात इंजिनाच्या कारखान्यात एकतीस वर्षे होता. काय करता विचारले की "काम" एवढेच सांगायचा. हात कायम निळे. त्यावरून धाकटा दीर चारचौघांत म्हणायचा, "आमचा दादा इंजिनं रंगवतोय." प्रभुलिंग जाऊन नऊ वर्षे झाली, तरी दीर तेच म्हणे.

ती रिक्षाने उद्यमनगरात गेली. प्रभुलिंग मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेल्या आकारामचा तिथे लेथ होता. त्याने फडके उलगडले आणि हात मागे घेतला.

"काकू, ह्याला बोट लावलं म्हणून मिस्त्रींनी माझ्या कानाखाली जाळ काढलता."

"व्हय? पण हाय काय हे?"

"स्क्रेपर, खरवडायचं हत्यार. जुन्या कानशीचं दात घासून आपल्या हाताला बसंल असा करायचा. दुकानात मिळत न्हाय, कुणी कुणाला देत न्हाय."

त्याने इंजिनाचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगची अर्धी वाटी पकडीत धरली, शाफ्टला निळा रंग फासला आणि तो वाटीत फिरवला. जिथे उंचवटा, तिथे निळा ठिपका उमटला. तेवढाच खरवडायचा, पुन्हा रंग लावून बघायचे, सगळीकडे सारखे ठिपके येईपर्यंत.

"म्हणून हात निळे?"

"मग! मिस्त्रींनी बसवलेलं इंजिन कधी तापलं न्हाय."

त्याने स्क्रेपर टेकवला, तर तो नुसता घसरला. "धार कुणी घालवली ह्याची?"

दानम्मा ओशाळली. खंडेनवमीच्या पूजेत चकाकावा म्हणून तिनेच तो पॉलिशपेपरने घासला होता, कडांसकट.

"देव खूश झाला असंल, धार गेली की!" म्हणत आकारामने तेलाच्या दगडावर त्याच्या कडांना धार लावली. मग वाटीतून केसासारखा काप निघाला. दानम्माने तो बोटावर घेऊन उजेडात धरला.

"आकाराम, माझ्या दिराला फोन लाव. निळं कशाचं ते तू सांग."

"आत्ता? जेवायची वेळ हाय, काकू."

"म्हणूनच. सगळी घरात असत्यात. फोनचा आवाज मोठा ठेवायला सांग, आणि नंबर घे."