खोटी वलयं

भरल्या सभागृहात धाकटीचं नाक कापायचं, हे ताईने परिषदेला येण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

दोघी सख्ख्या बहिणी आणि दोघींचं कामही एकच, माशांची वयं सांगायचं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक पांढरा खडा असतो. तो कापायचा, घासून कागदासारखा पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं त्यात दिसतात. एक हिवाळा, एक वलय. ऐकायला सोपं वाटतं. पण मासा उपाशी राहिला, आजारी पडला, तरीही वलय उठतं आणि ते खोटं असतं. खरं कोणतं, खोटं कोणतं, हे ओळखायला नजर लागते. ती नजर धाकटीला ताईनेच दिली होती. शेजारच्या स्टुलावर बसवून, चुकली की टपली मारून.

त्याच धाकटीने गेल्या परिषदेत ताईला वाचकांच्या, म्हणजे वलयं वाचून वय ठरवणाऱ्यांच्या, मंडळातून काढलं. ताई सांगते ती वयं इतरांपेक्षा नेहमी कमी येतात, एवढंच कारण. तेवढंच असतं तर ताईने तेही गिळलं असतं. पण धाकटी माईकवर म्हणाली, "आमच्या ताईचं असंच आहे हो. स्वतःचंही वय कमी सांगते आणि माशाचंही!"

सगळे खो खो हसले. म्हातारे प्राध्यापक रुमालाने डोळे पुसायला लागले. ते हसू तेव्हापासून ताईच्या पोटात निखाऱ्यासारखं पडून होतं.

मग धाकटीने नवं काम हाती घेतलं. कापलेल्या खड्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह करायचा, प्रत्येक खऱ्या वलयावर लाल ठिपका द्यायचा आणि तो सगळ्यांना फुकट खुला करायचा. कुठल्याही प्रयोगशाळेतल्या नवख्या वाचकाने तो उघडावा आणि शिकावं. त्यासाठी तिने सगळ्यांकडून खडे मागवले. ताईने मुकाट्याने आपल्याकडची एक डबी पाठवून दिली.

डबीतला एक खडा साधा नव्हता. तो मासा ताईच्या प्रयोगशाळेच्या तळ्यात अंड्यातून निघाला, तिथेच वाढला. त्याचं वय तीन वर्षं, यात तीळमात्र शंका नव्हती. पण दोनदा तळ्याचा पंप बिघडला, पाण्यात हवा कमी पडून माशांनी खाणं टाकलं आणि ते उपाशी राहिले. दोन जादा वलयं उठली, अगदी खऱ्यासारखी. या कामातला नियमच असा की वाचणाऱ्याला माशाची लांबी, वजन, जन्म काही म्हणजे काही सांगायचं नाही, नाहीतर नजर आधीच कलते. पकडल्याची तारीख तेवढी द्यायची. ताईने तारीख दिली. नियम तंतोतंत पाळला आणि सापळा लावला.

आता परिषदेच्या सकाळी, चहाच्या टेबलाशी, धाकटी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"ताई, राग आहे माहितीये मला. पण एकदा नजर टाक ना. दुपारी सगळ्यांसमोर उघडायचंय. तुझ्याइतकं बारीक कोण बघणार?"

ताईने चित्रं सरकवली. तो खडा आला. त्यावर पाच लाल ठिपके होते.

"कसं वाटतंय?"

"छान आहे," ताई म्हणाली आणि कप खाली ठेवून निघून गेली.

दुपारी धाकटीने पडद्यावर एकेक चित्र लावलं. लोक माना डोलावत होते. ते चित्र आल्यावर ताईने हात वर केला. माईक तिच्याकडे आला.

"हा मासा किती वर्षांचा?"

"पाच," धाकटी म्हणाली. "मंडळातल्या सगळ्यांनी पाचच वाचलंय."

"तीन. माझ्या तळ्यातला आहे, माझ्या डोळ्यांदेखत जन्मलाय. दुसरं आणि चौथं वलय उपाशीपणाचं आहे. तुमच्या सगळ्या मंडळाने खोट्यावर ठिपके दिलेत." मग ती सभागृहाकडे वळली. "मी कमी सांगते म्हणून मागे हसला होतात ना? हसा की आता."

कोणी हसलं नाही. म्हातारे प्राध्यापक बुटांच्या नाड्या बघत बसले. ताईला वाटलं, आता धाकटी रडेल. तिला ते हवंच होतं. पण धाकटी पडद्याजवळ गेली, ती दोन वलयं नाक लावून पाहून आली आणि म्हणाली, "बरोबर आहे. चुकलो आम्ही. पण ताई, सकाळी मी तुला हेच चित्र दाखवलं होतं. तेव्हा दिसलं होतं का तुला?"

सगळ्या माना ताईकडे वळल्या. नाही म्हणावं, तर तिची नजरही यांच्यासारखीच ठरली. हो म्हणावं, तर माहीत असून तिने सगळ्यांच्या गळ्यात चूक बांधू दिली. पण नजरेवर डाग? छे!

"दिसलं होतं," ताई म्हणाली. "बघताक्षणी."

सभागृहात कुजबुज झाली, आणि ती काही कौतुकाची नव्हती. ताई ताठ मानेने खाली बसली.

संध्याकाळी दोघी एकाच टॅक्सीत बसल्या, कारण आईकडे जेवायला जायचं होतं आणि एक आली, एक नाही, हे आईला चाललं नसतं.

"ते चित्र काढून टाकते," धाकटी म्हणाली.

"खबरदार! काढायचं नाही. चुकीचे ठिपके तसेच ठेव आणि शेजारी बरोबर ठिपक्यांचं लाव. नवीन पोरं हेच बघून शिकतील."

"आणि मी कुठे आपटले तेही जन्मभर बघतील."

"बघू देत. चुकीच्या चित्राखाली तुझं नाव घाल. मोठ्या अक्षरात."

"आणि बरोबरच्या खाली तुझं?"

"मग कोणाचं?"

धाकटीने लॅपटॉप मांडीवर उघडला. "घालते. पुढे असंही लिहिते, की या बाईंना सकाळीच दिसलं होतं, पण त्या गप्प बसल्या."

ताईने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं.

"लिही," ती म्हणाली. "पण 'बघताक्षणी' हा शब्द गाळू नकोस."