राखेचा पट्टा

शनिवारी दुपारी केसरीनाथ मास्तर शेलार गावातल्या घराच्या अंगणात राख चाळत बसले होते. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या बॉयलरची राख. खरचटलेल्या गुडघ्यांना चुना झोंबतो, म्हणून त्यांच्या कबड्डीच्या मैदानावर पंचवीस वर्षं राखच पडत आली. तीही रेषेच्या बाहेर, वीतभर रुंद पट्ट्यात. पाय बाहेर पडला की तळवाच साक्ष देई.

"गुडघा दुखतो, तरी उकिडवे बसता," त्यांची मुलगी तुळजा म्हणाली. ती कल्याणला शिक्षिका होती, दिवसभरापुरती आली होती.

"उद्या पोरींचा सामना हाय. रेषा काय तुझा हेडमास्तर आखणार?"

"आखतील की. वहीत."

"मग पोरींनी वहीतच खेळायचं," ते म्हणाले आणि हसता हसता खोकले.

तो गुडघा तिच्या जन्माआधीच मोडला होता. खेळ सुटला तेव्हा मास्तर शिकवायला लागले. दिवसा लूमवर ड्युटी, संध्याकाळी मैदान. पहिला संघ लुंगीवाल्या विणकरांचा. त्यांना ते "दम मत छोड़ना!" असं ओरडत. मग गावच्या पोरांनी ढाली आणल्या. पुढे मुलींचा संघ काढला, तेव्हा गाव हसलं. त्यांनी पहिलं नाव आपल्या पोरीचं घातलं.

एकाहत्तर साली शेलारच्याच मैदानावर कोन गावाच्या संघाशी अंतिम सामना होता. शेवटची चढाई तुळजाची. कोपऱ्यातल्या मुलीला शिवून ती परतली, पंचाने गुण दिला, लोक नाचायला लागले. तेवढ्यात मास्तर उठले.

"पंच, माझ्या पोरीचा पाय बाहेर पडला."

पंचाने तळवा पाहिला. "साफ हाय की, मास्तर."

"मी बघितलं."

गुण कापला गेला, सामना गेला. "बाप हाय का दुश्मन?" कोणीतरी ओरडलं. घरी आल्यावर मास्तरांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "पोटरी धू," एवढंच म्हणाले.

"माझा पाय पडलाच नव्हता," ती म्हणाली. त्यानंतर ती खेळली नाही. सहा वर्षं दोघांनी तो विषय काढला नाही. एरवी मात्र ती येई तेव्हा मास्तर तिच्यासाठी स्वतः सुकट भाजत आणि जास्त तिखट झाली तरी ती संपवते म्हणून कौतुकाने तिच्याकडे बघत.

त्या शनिवारी निघताना ते म्हणाले, "उद्या येशील काय गो? दोरी धरायला कोणी न्हाय."

"वह्या तपासायच्या आहेत. बघते."

पहाटे झोपेतच ते गेले.

पुढे ढकललेला सामना तेराव्यानंतर ठरला. आदल्या संध्याकाळी संघाची कप्तान काशी दारात आली. "तुळजाताई, मास्तरांनी चाळलेली राख तशीच हाय. पट्टा आम्हाला सरळ येत न्हाय."

तुळजाने घमेलं उचललं. मैदानावर काशीने दोरी ताणून धरली. मुठीतून राख सोडत तुळजा वाकून सरकत राहिली. बोटांत एकही खडा लागला नाही, इतकी ती बारीक चाळलेली होती. कोपऱ्यापाशी ती थांबली. इथंच. त्या दिवशी परत धावताना तिने तळवा पोटरीला घासला होता. पोटरी घामाने ओली होती, राख तिथं चिकटली. बाबांनी ती पाहिली होती, आणि पंचाला दाखवली नव्हती.

"काय झालं, ताई?" दोरीच्या टोकाकडून काशीने विचारलं.

तुळजा सरळ उभी राहिली. बाबा बसायचे त्या रिकाम्या बाकाकडे तोंड करून, काशीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, माझा पाय बाहेर पडला होता. राख मी पुसली."