हात वर असताना

ज्योत्स्ना. त, स आणि न, तिन्ही एका दमात. घरात कुणालाच जमलं नाही, म्हणून जोसना.

टपालाचं तिकीट, जपानीत: कित्ते. ये: किते.

बीडच्या गाडीचा कंडक्टर स्टँडला इस्टँड म्हणतो.

स्प्रिंग. इंग्रजीत एकच झटका. जपानीत पाच: सु, पु, रि, न्, गु.

विहारात पहिल्या रांगेत बसणारा म्हातारा. सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा त्याचे हात मांडीखाली असतात.

ग्लास. आपल्याकडे गिलास. तिकडे गुरासु.

*

म्हातारा म्हणजे कचरूआबा. वय ऐंशीच्या पुढे. ज्योत्स्ना त्यांची नात, नर्सिंग झालेली. गाव नेकनूरपासून जवळ. तिथून ती रोज एसटीने बीडला जपानी शिकायला जायची. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात तिची नोकरी ठरत आली होती. भाषेची परीक्षा तेवढी राहिली होती. वाचण्यात ती वर्गात पहिली. ऐकण्यात नापास झाली. आता पुन्हा नापास झाली, तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

वर्ग संजय सरांचा. सर आधी स्पोकन इंग्लिश शिकवायचे, मग काही वर्षं जपानातल्या कारखान्यात राहून आले आणि दारावरची पाटी बदलली. शिकवताना मात्र दोन्ही भाषा शेजारी शेजारी उभ्या करायचे.

“इंग्रजी माणूस जोराच्या अक्षरावर पाय देतो आणि मधली तुडवत जातो. चॉकलेट लिहितो, चॉक्लिट म्हणतो. मधलं अक्षर झिजून गेलं बिचारं. जपानी माणूस कुणाला तुडवत नाही. चो, को, रे, ए, तो. सगळ्यांना सारखी जागा. आणि जिथे आवाजच नाही, त्यालासुद्धा.”

फळ्यावर त्यांनी तीन घरं काढली. पहिल्यात कि. तिसऱ्यात ते. मधलं तसंच ठेवलं.

“हे रिकामं घर पूर्ण एका अक्षराचं आहे. ते विसरलात तर तुम्ही मागाल तिकीट, आणि आश्रमातली आजी काठी घेऊन उठून तुमच्याकडे यायला लागेल.”

वर्ग हसला. ज्योत्स्नाही हसली. कानाला हेडफोन लावला की मात्र तिला दोन्ही शब्द सारखेच ऐकू यायचे. रिकामं घर येऊन निघून जायचं आणि तिला पत्ता लागायचा नाही.

*

परतीच्या गाडीत सत्यम शेजारी होता. त्याच गावचा, त्याच वर्गातला.

“तू कावून रडायलीस?”

“रडत न्हाई. डोळ्यात धूळ गेली.”

“खिडकी बंद हाय.” मग म्हणाला, “तुला ठेका धरता येईना म्हनलं तर आमचा आज्जा हसंल. कचरूची नात आन तिला ठेका येईना. आज्जा म्हनतो, तुज्या आबासारखी हलगी या पट्ट्यात कुनाची न्हवती.”

“आमच्या आबाची? हलगी?”

“मंग. तुला म्हाईत न्हाई व्हय?”

सत्यमच्या बोलण्यात खोट नव्हती. एखाद्या जुन्या पैलवानाबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. आणि ज्योत्स्नाला अभिमानच वाटला. उरलेला सगळा रस्ता ती आबांना काय विचारायचं ते मनात जुळवत आली.

*

घरी तिची आई मनिषा भाकरी थापत होती. आबा भिंतीला टेकून बसले होते.

“आबा, तुमी हलगी वाजवायचात?”

मनिषाचा हात परातीत थांबला.

“कोन म्हनलं?” आबांनी विचारलं.

“सत्यमचा आज्जा म्हनतो, लई भारी वाजवायचात. मला कदी सांगितलं बी न्हाई. मला शिकवा की जरा. ते मधलं रिकामं घर हाय ना, ते मला घावतच न्हाई. तुमाला घावंल.”

आबा

 

उठले. चप्पल न घालता बाहेर गेले.

“तुला कुनी सांगितलं हुतं हे उकरायला?” मनिषा म्हणाली.

“म्या काय वाईट इचारलं?”

मनिषाने तव्यावरची भाकरी उलटली. मग तव्याकडेच बघत बोलली. “तुजी पनजी वारली त्या दिवशी गावात अजून एक मयत झालतं. मोठ्या घरचं. इकडं घरात आई पडलेली, आन तिकडून बोलावनं आलं. न्हाई कसं म्हननार? बापलेक हलगी घिऊन गेले. त्या मढ्यापुढं वाजवत गेले. तुजे आबा, आमचे मामा, तवा लहान, तुज्या त्या सत्यमपेक्षा बी लहान. घरी आल्यावर त्यांच्या बापानं हलग्या चुलीत घातल्या. म्होरं दीक्षा घेतली. तवापासून मामांनी कशावर बोट आपटलं न्हाई. माज्या लग्नात न्हाई, जयंतीला न्हाई. टाळी सुदिक न्हाई.”

“मला कुनीच सांगितलं न्हाई.”

“सांगायचं आसतं व्हय हे पोरीला?”

*

बरेच दिवस आबा तिच्याशी बोलले नाहीत. रागावले होते असंही नाही. ती समोर आली की इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागायचे.

मग एका दुपारी ती हेडफोन लावून बसली असताना ते आले आणि समोर बसले. ज्योत्स्नाने हेडफोन काढला.

“नापास झालीस तर काय?”

“जागा जाईल. पुन्ना मिळंल का न्हाई, कुनाला ठावं. आबा, जाऊ द्या. मी कायतरी करते.”

“पिठाचा डबा रिकामा हाय का?”

“आबा, नको.”

“आन.”

तिने आणला. आबांनी तो मांडीवर आडवा घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

“तुजं ते म्हन.”

“कि. ते.”

दोन बोटं, दोन ठोके.

“आता दुसरं.”

“कित्ते.”

एक ठोका. मग नाही. मग एक.

“तुला का ऐकू येत न्हाई सांगू? तुला वाटतं तितं काईच न्हाई. तितं हात हाय.” त्यांनी हात उचलून हवेत तसाच धरला. “बग. हात वर हाय. वाजवनारा तितं बी वाजवतोयच. खाली पडत न्हाई इतकंच.”

पुन्हा वाजवलं. पुन्हा. ज्योत्स्नाने डोळे मिटले, आणि ते घर तिला ऐकू आलं. रिकाम्या खोलीत कुणीतरी उभं असल्याचं न बघता कळावं, तसं.

“सगळ्या हलगीत हे आसतं का?” तिने आनंदात विचारलं.

“न्हाई. लग्नातली भरलेली आसती. रिकामी जागा फकस्त मढ्यापुढच्या चालीत.” आबांचा हात अजून वर होता. “त्या जागंत खांदेकरी पाऊल टाकतात.”

*

ती पास झाली. विमानतळावर सोडायला आबा आले नाहीत. दारातच “नीट ऱ्हा, जोसना” म्हणाले.

*

आधी आबांचं एक बोट. ताटाच्या काठावर. मनिषाला वाटलं, म्हातारपणाचं थरथरणं असेल. पण थरथरण्याला मध्ये जागा नसते.

मग खाटेच्या लाकडावर. मग गुडघ्यावर. बातम्या बघताना, उन्हात बसल्यावर, झोपेत. एक ठोका, मग नाही, मग एक. लक्षात आल्यावर आबा दुसऱ्या हाताने पहिला हात दाबून धरायचे. मग दुसरा सुरू व्हायचा.

“मामा, डाक्टरला दाखवू.”

“काय सांगशील डाक्टरला? हात जुनं बोलायलाय म्हून?”

एका रविवारी विहारात वंदना चालू असताना शेजारच्यांनी वळून पाहिलं. आबांची बोटं सतरंजीवर चालली होती, वंदनेच्या लयीला धरून नाही, स्वतःच्या. आबा मध्येच उठले. पहिली रांग त्यांची ठरलेली. विहाराच्या बांधकामात त्यांनी डोक्यावरून वाळू वाहिली होती. ते भिंतीला धरत बाहेर आले आणि पुन्हा गेले नाहीत.

मनिषाने खूप समजावलं. “लोकं काय म्हनत न्हाईत, मामा. कुनाला कळतंय त्यातलं?”

“मला कळतंय की. बुद्धाच्या मूर्तीपुढं माज्या हातात मढ्याची हलगी वाजायली. मी कशाला बसू तितं?”

त्यानंतर ते घरात असतानाही दोन्ही हातांना उपरणं गुंडाळून बसायचे.

*

व्हिडिओ कॉल.

“आबा, हात दाखवा की. नुसतंच तोंड दिसायलंय.”

“थंडी हाय.” हात गोधडीखाली होते. मे महिना होता. मागे पंखा फिरत होता.

“इथल्या आज्ज्या मला काय म्हनतात, म्हाईत हाय का? जो त्सु ना. एक एक अक्षर सुटं करून.”

“बरं हाय की. इतकं नीट तर आमाला बी न्हाई आलं.”

“तुमी विहारात जाता का?”

गोधडी जराशी हलली. थांबली. हलली.

“जातो की,” आबा म्हणाले.

मनिषाने फोन आपल्याकडे ओढला आणि स्वयंपाकघरात नेला. तिथे हळू आवाजात तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी, “तुला सांगू नको म्हनलेत,” असंही सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना पहाटेच्या पाळीला चालत निघाली होती. लहानपणापासूनची सवय, चालताना ओठांत वंदना असायची.

बुद्धं सरणं गच्छामि.

सिग्नलला ती थांबली.

बुद् आणि धं यांच्यामध्ये जीभ अडते. ग आणि च्छा यांच्यामध्ये अडते. धम् आणि मं यांच्यामध्ये. विहारातल्या पालीच्या वर्गात तिला हे शिकवलं होतं: संस्कृतातला धर्म पालीत आला तेव्हा र गळाला, पण त्याची जागा कुणी मोडली नाही. म तिथे थोडा जास्त थांबला आणि धम्म झालं. बोलायला लागली तेव्हापासून ती रोज या रिकाम्या घरांतून ये-जा करत होती. पहिल्या रांगेत आबांच्या मांडीवर बसून ती हे म्हणायला शिकली होती. आबा एक एक शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचे, आणि ती घाईत थांबा खाऊन पुढे पळाली की, “ऱ्हा, जागा सोड,” म्हणायचे.

संजय सरांच्या वर्गात तिने फक्त एवढंच म्हणून बघायचं होतं. डब्याची गरज नव्हती. विचारायची गरज नव्हती.

सिग्नल हिरवा झाला. लोक पुढे गेले. तिने फोन काढला. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. आबा जागे असतील हे तिला माहीत होतं. काय सांगणार? की तुमच्याकडे जे चांगलं होतं त्यातच ते होतं, आणि मी दुसरंच मागितलं?

तिने फोन परत ठेवला. वंदना अर्धी राहिली होती. ती पुढे म्हणायला गेली, आणि प्रत्येक थांब्याला तिला डब्यावरून उचललेला हात दिसायला लागला. मग तीही म्हणायची थांबली.

कामावर पोचल्यावर तिने आजींचे केस विंचरले, गुरासुत पाणी दिलं, औषधं दिली. दुपारी मनिषाचा मेसेज आला: आज मामांनी स्वतःच्या हाताने जेवायला नको म्हटलं, मी भरवलं.

*

कचरूआबांच्या आईचं नाव भामाबाई होतं. बापलेक मोठ्या घरच्या मयतापुढे वाजवून आले, त्या दिवशी संध्याकाळी तिला पुरायला नेलं, तेव्हा तिच्यापुढे कुणी वाजवलं नव्हतं.