राजीनामा

“हो गया राजीनामा, देवघरे बाबू! मिठाई खिलाइए!”

शांताराम देवघऱ्यांच्या गालावर साबणाचा फेस होता, म्हणून फोन स्पीकरवर ठेवलेला. पलीकडून ऑफिसातले मिश्राजी ओरडत होते. वस्तरा हवेतच थांबला. तिकडे स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खणकन पडलं आणि वसुधाताई कणकेच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

“राजीनामा? अहो, निवृत्तीला अकरा महिने राहिलेत आणि राजीनामा दिलात? मला एका शब्दानं विचारलं नाही?”

शांतारामांना हसू फुटलं. पुण्याहून लग्न होऊन भोपाळला आल्याला एकतीस वर्षं झाली, पण वसुधाताईंची हिंदी भाजीवाल्याच्या पुढे काही सरकली नव्हती.

“अगं, हिंदीतला राजीनामा! म्हणजे तडजोड. ती पवनचक्क्यांची परदेशी कंपनी आणि आपलं सरकार, त्यांचं भांडण मिटलं.”

“मग सोमवारची तुमची साक्ष?”

“आता कसली साक्ष! सुनावणीच नाही.”

“सुटलात बाई!” वसुधाताईंनी तसेच कणकेचे हात देवाकडे वळवून जोडले.

शांताराम आरशाकडे वळले. फेसातून एक माणूस त्यांच्याकडे बघत होता आणि तो खूश होता. ते पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण आठवडाभर याच आरशासमोर ते एक वाक्य घोकत होते. ‘कागज चौदह तारीख को ही आया था, ठप्पा मैंने गलत मारा.’ सोमवारी कॅमेऱ्यासमोर, परदेशात बसलेल्या लवादाच्या तीन पंचांना ते हेच सांगणार होते. निदान सांगणार असं त्यांनी ठरवलं तरी होतं.

शांताराम म्हणजे सरकारी वीज खात्यातले आवक-जावकचे बाबू. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, रजिस्टरात चढवायचा, आणणाऱ्याला पोच द्यायची. दोन वर्षांपूर्वी सरकारनं विजेचा ठरलेला दर एकाएकी खाली आणला. करारात होतं की कंपनीला हरकत घ्यायची तर नव्वद दिवसांत लेखी घ्यावी. नव्वदावा दिवस चौदा तारखेला आला, आणि त्या दिवशी साडेचार वाजता कंपनीची योगिनी टेंभेकर धापा टाकत जिना चढून आली.

योगिनी त्यांना परकी नव्हती. राममंदिरात दर एकादशीला कीर्तन असे. बुवांच्या मागे ती पेटीला बसायची, तिच्या शेजारी शांताराम टाळ घेऊन उभे. पूर्वरंग संपून बुवांना बुक्का लागला की ती हळूच म्हणायची, “काका, मघाशी तुम्ही एक मात्रा पळालात हां.”

तिनं आणलेला हरकतीचा कागद साहेबांना दाखवायला ते आत गेले. साहेबांचं आडनाव खरे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “देवघरे जी, इसे कल की तारीख में ले लीजिए.”

बस, एवढंच. कुणी दमदाटी केली नाही की आमिष दाखवलं नाही. नावापुढं ‘जी’ लावून सांगितलं, आणि तीस वर्षांत ‘नाही’ म्हणायची सवयच लागली नव्हती. टेबलाशी येऊन शांतारामांनी शिक्क्याचं इवलंसं चाक अंगठ्यानं पुढं ढकललं. चौदाचे पंधरा झाले. पोच त्यांनी आपल्या हातानं घडी घालून पाकिटात सरकवली, ती तिनं उघडून बघू नये म्हणून.

“बघून घे गं,” असंही वर म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

“तुम्ही दिलंय ना काका, मग झालं!” असं म्हणून ती वाकली आणि भर ऑफिसात पाया पडून गेली.

पुढं सरकारनं म्हणणं मांडलं की हरकत एक दिवस उशिरा आली, सबब दावाच चालत नाही. कंपनीनं चूक शोधली आणि ती योगिनीच्या गळ्यात बांधली. नोकरी गेली. एकादशीला पेटीवर दुसरं कुणी दिसू लागलं. शांताराम मात्र टाळ वाजवत राहिले, कागद पंधरालाच आला अशा प्रतिज्ञापत्रावर सही करून आल्या दिवशीसुद्धा.

मग गेल्या एकादशीला नागपूरहून नवे बुवा आले. उत्तररंगात आख्यान ऐन भरात असताना त्यांनी एकदम शांतारामांच्या हातातला एक टाळ काढून घेतला. उरलेला एकटाच दोरीला लोंबकळत राहिला. “वाजवा!” बुवा म्हणाले. लोक हसले. “नाही ना वाजत? असत्याचंही असंच आहे, महाराज. एकट्याचं वाजत नाही. कुणीतरी भोळेपणानं समोर विश्वास धरावा लागतो, तेव्हा त्याचा नाद निघतो.”

सभामंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. शांताराम उरलेल्या टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. त्या रात्री त्यांनी सोमवारचं ठरवलं.

आणि आज राजीनामा!

ऑफिसात पेढे फिरत होते. मिश्राजी प्रत्येक टेबलाशी तोच विनोद करत होते, “दो साल लड़े, हाथ क्या आया? हवा!” खरे साहेब खुद्द आवक-जावकपर्यंत चालत आले.

“आपका रजिस्टर बड़ा काम आया, देवघरे जी. वहीं से उनके वकील ढीले पड़े. अब दर बीच का, करार दस साल आगे. और साफ लिखा है, गलती किसी की नहीं.”

“किसी की नहीं, सर?”

“किसी की नहीं. सारे कागज सीलबंद.” साहेबांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

शांतारामांनी पेढा खाल्ला. चांगला होता. दुसराही घेतला. मग मात्र वसुधाताईंचा सकाळचा घोटाळा आठवला आणि वाटलं, तिचा मराठी अर्थच बरा होता.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्यांनी कोरा कागद ओढला. चौदा तारीख, साडेचार, चाक, अंगठा, सगळं लिहिलं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. साहेबांच्या नावापाशी पेन अडखळलं, तरी तेही लिहिलं.

संध्याकाळी घराची वाट सोडून ते जवाहर चौकात उतरले. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या आणि झेरॉक्सच्या एका अरुंद दुकानात योगिनी काउंटरमागं बसली होती. समोरच्या बाईचा आधार नंबर टाइप करता करता तिनं वर पाहिलं.

“या काका. काही झेरॉक्स होतं का?”

पूर्वीसारखी उठली नाही. शांतारामांनी कागद पुढं केला. बाई जाईपर्यंत ती थांबली, मग वाचू लागली. एकदा वाचून झालं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “त्याच दिवशी बस स्टॉपवर पाकीट उघडलं होतं मी. मला वाटलं, काकांची गलती झाली असेल. परत आले तर गेट बंद. दुसऱ्या दिवशी फोन केला, तुम्ही उचलला नाही.”

“नाही उचलला.”

“मी कंपनीत सांगितलं, ते काका कीर्तनातले आहेत, ते असं करणारच नाहीत. मीच ऑफिस सुटता सुटता पोचले असेन, म्हणून दुसऱ्या दिवसाची तारीख पडली असेल.” ती जराशी हसली. “भरोसा काय चीज असते ना!”

शांतारामांना बसायला काही नव्हतं. ते काउंटरला धरून उभे राहिले.

“हा कागद कंपनीला पाठव, बाळ. हवं तर पेपरात दे. खाली माझा नंबर आहे. या वेळी उचलीन.”

“पेन्शन अडकेल तुमची.”

“अडकू दे.”

“पण राजीनामा झाला म्हणतात ना आज?”

“त्यांचा झाला. तुझा-माझा कुठं झालाय?”

योगिनीनं कागद मशीनवर ठेवला, झाकण लावलं. हिरवा उजेड तिच्या हातांवरून सरकत गेला.

“काका, दोघंही राजी असले तर त्याला राजीनामा म्हणतात,” ती मशीनकडे बघतच म्हणाली. “मी अजून नाहीये.”

“बरोबर आहे.”

“एकादशीला पेटीवर कोण असतं?”

“आहे एक मुलगा. सूर बरा आहे. मी पळालो तर सांगत नाही.”

मूळ कागद तिनं ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. प्रत समोर ओढून घेतली.

“पोच देते तुम्हाला. कायद्यानं.” तिनं प्रतीवर ‘मिळाले’ लिहिलं, खाली सही केली. तारखेच्या जागी पेन थांबलं.

“आज सतरा,” शांताराम म्हणाले.

योगिनीनं मान वळवून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. महिना पाहिला, वारावरून बोट फिरवत सतरावर आणलं. मग तारीख लिहिली.